उष्टं ऊन

आमच्या चाळीत रोज दोन सकाळी होतात.

पहिली खरीखुरी. परळच्या आमच्या चाळीचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे समोरच्या कंपाउंडवरून ऊन आलं की ते सरळ दारात उभं राहतं. दुपारी ते कौलांवरून मागच्या बाजूला जातं आणि पुढे सावली पडते. मी लहान होतो तेव्हा ही सावली दिवेलागणीपर्यंत आमचीच असायची. मग समोरच्या गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला. आता चारच्या पुढे सूर्य मागे कलला की तो त्या काचांमध्ये उगवतो, आणि तिथून ऊन पुन्हा आमच्या दारात येतं. एका टोकाच्या खोलीपासून दारं मोजत आल्यासारखं ते हळूहळू सरकत जातं. रंगाने पातळ, पाणी घातलेल्या ताकासारखं. भिंतींवर खिडक्यांचे चौकोन थरथरतात. सावल्या सकाळच्याच बाजूला पडतात. दुपारची झोप जरा लांबली की माझी अजूनही फसगत होते. डोळे उघडतात, दारात कोवळं ऊन दिसतं आणि वाटतं, उशीर झाला, डबा भरायचा राहिला. निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, तरी पाय जमिनीला लागेपर्यंत मी कामावर असतो.

ह्या दुसऱ्या उन्हाला चाळीत उष्टं ऊन म्हणतात. आधी काचेने खाल्लेलं, मग आपल्या पुढ्यात आलेलं. हे नाव कुणी ठेवलं यावर वाद आहे. माझी बायको म्हणते, तिने. मी तिच्याशी वाद घालत नाही. बाकी सगळ्यांशी घालतो.

आमची खोली तळमजल्याची. दारापुढे ओटा, आणि ओट्याला लागून फरसबंद वाट. सगळी चाळ त्याच वाटेने नळाला, देवळात, दवाखान्यात आणि स्टेशनला जाते. लग्न होऊन आल्यापासून बायकोची दुपार त्या ओट्यावर गेली. शिलाई मशीन दाराशी ओढायची आणि साड्यांना फॉल लावत बसायची. साडी द्यायला आलेली बाई पाच मिनिटांसाठी यायची आणि तासभर बसायची. साडीबरोबर तिची सासू, जाऊ, नणंद अशा सगळ्याजणी मशीनच्या सुईखालून निघायच्या. मी आत लोळत पडून ऐकायचो. अर्धी चाळ मला चेहऱ्याने कमी आणि अशी ऐकूनच जास्त माहीत आहे.

मग मागच्या वर्षी तिच्या गालांवर आणि नाकावर लाल चट्टे उठले. बोटांचे सांधे धरले, बारीक ताप राहू लागला. मोठ्या इस्पितळात बऱ्याच तपासण्या झाल्या आणि एक आजार निघाला. त्याचं नाव मला पाठ आहे, पण मी ते उच्चारत नाही. हाक मारल्यासारखं वाटतं. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या लेकीएवढी. म्हणाली, “औषधाचं मी बघते. तुम्ही फक्त एक करा. ह्यांना उन्हात बसू देऊ नका. उन्हाने हा आजार उफाळतो.”

तर मशीन आत आलं. आमची खोली आत काळोखी, दिवसाही ट्यूब लावावी लागते. पहिले काही दिवस तिने आत बसून फॉल लावले. नंतर मशीनवर जुनी चादर टाकली आणि ती काही पुन्हा निघाली नाही. बायका येईनाशा झाल्या. निजलेल्या माणसाच्या उशाशी बसून कोण सासूचं गाऱ्हाणं सांगणार? ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मी बाहेरची बातमी आणायचो, थोडी तिखटमीठ लावून. ती म्हणायची, “हं.” माझी बायको ‘हं’वर थांबणारी बाई नव्हे. एरवी तिने मला तीन जागी अडवून विचारलं असतं की नक्की कोण काय म्हणालं.

मला भीती वाटत होती. आजाराची नाही, त्याला गोळ्या होत्या. ती हळूहळू खोलीतल्या सामानासारखी होत चालली होती, त्याची भीती वाटत होती. तिला पुन्हा ओट्यावर बसवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

दादरला एका कपड्याच्या दुकानावर मी ते पाहिलं. दुकानदाराने एक लांब दांडा वर अडकवला, फिरवायला लागला आणि भिंतीतल्या रुळावरून रंगीत कापडाचं छत अलगद पुढे येत गेलं. खाली फुटपाथवर सावली पसरत गेली. मी तिथेच उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, “काका, काय दाखवू?” मी म्हणालो, “हेच. उलटं फिरवून परत एकदा दाखव.” त्याने दाखवलं. गिऱ्हाईक नव्हतं त्याच्याकडेही.

त्याला ऑनिंग म्हणतात, हे डोंबिवलीच्या लेकीने सांगितलं आणि मागवूनही दिलं. चाळ कमिटी म्हणाली, नटबोल्टाचं असेल तर लावा, विटा-सिमेंटचं नको. खोका आला तो इतका लांब की खोलीत तिरका ठेवावा लागला. बायको पलंगावरून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मापात मी बसेन ह्यात.” मी तिच्यावर असा काही ओरडलो की शेजारचा रेडिओ बंद झाला. मग दोघांनी चहा घेतला. 

रविवारी सकाळी शेजारचा माझा दोस्त ड्रिल मशीन घेऊन आला. आम्ही दोघं ह्याच चाळीत रांगलो. मी जन्मभर लिफ्टची देखभाल केली आणि तो वीजखात्यात होता. शिवाय दर एप्रिलला आमच्या गल्लीतल्या जयंतीचा मांडव तोच उभा करतो. त्यामुळे जगातली कुठलीही सावली हा आपला विषय आहे असं तो धरून चालतो. खोक्यातून चित्रांचा कागद निघाला, तो त्याने घडी करून खिशात घातला. “चित्रं काय बघायची? मांडव तो मांडव.”

आतून बायकोचा आवाज आला. “नारळ फोडल्याशिवाय भिंतीला भोक पाडायचं नाही.”

“वहिनी, नारळ तुमचा, खोबरं माझं,” तो म्हणाला. मी नारळ फोडला, दोन शब्द पुटपुटलो आणि त्याने अर्धी वाटी उचलून ड्रिल सुरू केलं.

आमच्या भिंती जुन्या विटांच्या, वर चुन्याचा गिलावा. बोल्ट ठोकला की धरल्यासारखा करायचा आणि जरा ओढला की भुईमुगाच्या शेंगेसारखा हातात यायचा. शेवटी भिंतीला आरपार भोकं पाडली, आतून लोखंडी पट्टी लावली आणि त्यावर नट आवळले. पट्टी आली नेमकी पलंगाच्या वर, कॅलेंडरच्या शेजारी. बायकोच्या अंगावर लाल भुगा पडत होता. ती उठून बसली, चादर झटकली आणि म्हणाली, “एवढा घोर लावून ठेवलाय, आता डोक्यावर नटही लावा.” पण दुसऱ्या दिवशी बघतो तर एका बोल्टाच्या टोकाला तिने आपली शिवणाची टेप टांगली होती. 

भिंतीला ब्रॅकेट बसले. चाळीतल्या चौघांनी मिळून रूळ उचलला, ब्रॅकेटमध्ये बसवला आणि मी खालून पिना ठोकल्या. छताला दोन दुमडणारे हात असतात, कोपरात वाकणारे, आत ताणलेली स्प्रिंग. येताना ते पट्ट्याने बांधलेले असतात. दोस्ताने ब्लेड काढलं आणि पट्टा कापायला निघाला. मी त्याचं मनगट धरलं. स्प्रिंग काय चीज आहे ते लिफ्टच्या माणसाला विचारावं. सगळ्यांना बाजूला केलं, दांड्याचा आकडा कडीत अडकवून ताण घेतला आणि मग पट्टा कापू दिला. दांडा फिरवायला लागलो. हात हळूच उघडले आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड आमच्या ओट्यावरून, वाटेवरून पुढे जात राहिलं.

खाली सगळं हिरवट झालं. कोकणातल्या आमच्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना असंच व्हायचं. आवाजही जरा खाली बसले. कुणीतरी वाटेवरून जाताना म्हणालं, “मांडव पडला, वऱ्हाड कधी?” दोस्ताची बायको म्हणाली, “नवरा जुनाच आहे.” हसणं झालं आणि मग सगळे उगाचच त्या हिरव्या उजेडात उभे राहिले.

छताची पुढची कड किती उंच ठेवायची, हा प्रश्न उरला. आमच्या चाळीचा जुना दंडक आहे. वाटेवर जे काही यायचं, ते डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईच्या वर. नळ घरात आले तरी दंडक गेलेला नाही. पागोळीचा पत्रा असो, वायर असो की दिवाळीचा कंदील, माप हंड्याचं. दोस्ताने आपल्या बायकोच्या डोक्यावर हंडा देऊन तिला चारदा वाटेवरून चालवलं. मग हातांखालचे स्क्रू आवळले. डोक्यावर आलेल्या उन्हात सावली अगदी दाराच्या उंबऱ्यापासून वाटेच्या पलीकडपर्यंत पडली होती. आम्ही खूश.

बायको उंबऱ्याशी आली. “आणि चार वाजता काय? उष्टं ऊन समोरून येतं, ते ह्याच्या खालून घुसेल.”

मी दोस्ताकडे बघितलं. तो म्हणाला, “वहिनी, ते ऊन कुठं असतं?”

मग तिनेच उत्तर दिलं. तिला बाहेर बसायचं होतं ना. “तेही खरंच. उष्ट्या उन्हात कधी पापड वाळलेत? मी एकदा सांडगे ठेवले होते, तसेच ओले उचलले. ज्या उन्हात सांडगा वाळत नाही, ते माणसाला काय करणार?”

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्या चाळीचा हाच अनुभव होता. वाळवण घालायचं ते सकाळी, ह्या दुसऱ्या उन्हात कुणी रुमालही टाकत नाही. मीही मान डोलावली. मला तर तिच्यापेक्षा जास्त घाई होती.

पुढचे काही दिवस फार सुखाचे गेले. मशीन बाहेर आलं. बायका आल्या. मी आत पडायचो आणि डोळे मिटून ऐकायचो. मशीन चालतंय, मध्येच थांबतंय, म्हणजे सासू आली. पुन्हा चालतंय, म्हणजे सासू गेली. चार वाजता टॉवरच्या काचांतून ऊन यायचं, छताच्या खालून आत शिरायचं आणि तिच्या मांडीवरच्या साडीवर चौकोन हलायचे. झोपेत आणि जागेपणी मला तेच दिसायचं. किती दिवस हे चाललं ते मोजायचं भान मला नव्हतं.

मग एका सकाळी तिला बोटं मिटता येईनात. चट्टे पुन्हा फुलले, ताप चढला. इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, उन्हात बसवलं का? मी म्हणालो, छे, उन्हात नाही, उष्ट्या उन्हात. आणि तिला सांडग्यांची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, “काका, सांडगा वाळायला ऊब लागते. ह्यांना बाधतो तो उजेड. काचेवरून येऊ दे नाहीतर पाण्यावरून, ऊन ते ऊन.”

घरी आल्यावर बायको सरळ पलंगाकडे गेली. टेप बोल्टावरून काढली आणि ट्रंकेत टाकली. “ते बाहेरचं काढून टाका,” ती म्हणाली. “दुकानावरच शोभतं ते.” आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी बाहेर आलो आणि टॉवरला शिव्या दिल्या. मोठ्याने, कंपाउंडच्या भिंतीशी उभं राहून, काचा कुणी शोधून काढल्या तिथपासून. टॉवरमध्ये कुणी पडदाही हलवला नाही. दोस्त ओट्यावर बसून होता. माझं संपल्यावर म्हणाला, “झालं? आता इकडे ये. कड उतरवूया.”

“किती?”

“बस तिच्या जागेवर. तूच सांग.”

मी बायकोच्या स्टुलावर बसलो, मान तिच्यासारखी थोडी खाली घातली आणि डोळे मिटले. चार वाजायची वाट बघत राहिलो. थोड्या वेळाने पापण्यांच्या आत तांबूस झालं. ऊन आलं होतं. त्याचा स्पर्शच लागत नव्हता. एवढ्या हलक्या हाताने ते तिच्या तोंडावरून फिरत होतं आणि मी आत झोपून मशीनचा आवाज ऐकत होतो. मला रडू आलं. “अजून खाली,” मी म्हणालो. दोस्त स्क्रू ढिला करून आवळत गेला. “अजून.” पापण्यांच्या आत पूर्ण काळोख झाला तेव्हा मी डोळे उघडले. कड माझ्या हनुवटीएवढी खाली आली होती.

दोस्त पाना हातात घेऊन वाटेकडे बघत होता. “हंडा नाही, रिकामं डोकंसुद्धा जायचं नाही रे इथून. वाट आहे ती.”

“माहीत आहे.”

“कमिटी बोलेल.”

“बोलू दे.”

 मग त्यानेच शेवटचा आटा दिला.

बायकोला बाहेर यायला दोन दिवस लागले. आली तेव्हा तिने सावली बघितलीच नाही, कड बघितली. “लोकांनी वाकून जायचं? माझ्यासाठी?” मी सांगितलं की तास-दीड तासाचा प्रश्न आहे, ऊन सरकलं की गुंडाळायचं. ती बसली, पण नुसती माझं मन राखायला. कान सगळे वाटेवर. पावलं ऐकली की ती आक्रसायची. लोक वाकून जात होते. मोबाइलमध्ये बघत आलेल्या एकाचं कपाळ कडेवर आपटलं आणि तो कापडालाच सॉरी म्हणाला. कुणी कुरकुर केली नाही. कमिटीचे सेक्रेटरीसुद्धा पोट सांभाळत वाकले. पण तिला त्याचाच त्रास. आयुष्यात तिने कुणाला साधं ‘सरका’ म्हटलेलं नाही. संध्याकाळी म्हणाली, “हा आठवडा बघते. मग आतच बरी.” आणि ती आत गेली की ह्या वेळी कायमची जाणार, हे मला कळत होतं.

टोकाच्या खोलीत चाळीतल्या सगळ्यात वयस्कर काकी राहतात. मालवणकडच्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वाकता येत नाही. काठी टेकत ताठ चालतात. रोज दुपार उतरली की भोईवाड्याच्या देवळात जातात. नातीकडे राहायला गेल्या होत्या, त्या दुसऱ्याच दिवशी परत आल्या आणि चारच्या सुमाराला देवळात निघाल्या. बायकोने काठीचा आवाज ओळखला आणि ती उठली. दांडा कडीत अडकवून भराभरा फिरवायला लागली. कापड मागे सरकलं आणि काचेचं ऊन ओट्यावर चढलं, तिच्या पावलांवर आलं. मी दारातून धावलो.

“काय करतस गो?” काकींनी विचारलं.

“तुम्हाला वाकता यायचं नाही, काकी. या पटकन. तुम्ही गेलात की परत सोडते.”

“सोड. आत्ताच सोड ता.” त्यांनी काठी वाटेवर टेकली. “माका काय घाई हा? देव खंय पळान जातलो? हयच बसतंय. ऊन गेलां की जातंय.”

आणि छताच्या अलीकडे, शेजारच्या ओट्याच्या पायरीवर, उष्ट्या उन्हात त्या डोक्यावर पदर घेऊन बसल्या. बायको दांडा धरून उभीच होती. मी तिच्या हातातून तो घेतला आणि कापड परत खाली सोडलं.

आता दोघींच्या मध्ये कड होती. आतून काकींची फक्त पावलं दिसत होती, झिजलेल्या चपला आणि काठीचं टोक.  मग कडेपलीकडून काकींनी नातीच्या सासूचा विषय काढला. बायको म्हणाली, “हं.” काकी पुढे सांगत राहिल्या. बायको म्हणाली, “थांबा थांबा, आधी कोण बोललं?” आणि मशीन सुरू झालं.

मी दारातच खाली बसलो. हिरव्या उजेडात तिचे हात सावकाश चालत होते. बोटं अजून नीट मिटत नव्हती, ती साडी तळहाताने सरकवत होती. दोन आवाज कापडाच्या दोन बाजूंनी येत होते. मला डुलकी लागली असावी. जागा झालो तेव्हा काचांवरून ऊन कधीच गेलं होतं, टॉवरमध्ये दिवे लागले होते आणि काकी अजून तिथेच बसून होत्या. दोघींपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

बायकोने दांडा फिरवला. काकी ताठ उभ्या राहिल्या. “उशीर झालो,” त्या म्हणाल्या. “देवाक सांगतंय, तुझ्यामुळे.” आणि काठी टेकत वाटेने निघून गेल्या.

बायकोने मशीनवर कव्हर घातलं. म्हणाली, “त्या पायरीवर बसून कंबर धरेल त्यांची. उद्या तिथे एक खुर्ची टाका.”

आजारी पडल्यापासून तिने उद्याचं काही सांगितलं नव्हतं. मी उठलो, आतली खुर्ची उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली.

“अहो, आत्ता नाही,” ती म्हणाली. “उद्या.”

“हो, उद्या,” मी म्हणालो आणि खुर्ची तिथेच राहू दिली.